मेसेज डिलीट झालाच नाही तर?

2017 च्या पावसाळ्यात फवारणीनं यवतमाळ जिल्हा हादरला होता. त्या गोष्टीच्या मधोमध आपल्याच नसांमधलं एक इवलंसं एन्झाइम होतं. सुट्टीत गावी जाऊन पंप पाठीवर घेणार असाल, तर त्याच्याशी आधी ओळख करून घ्या.

पोळ्याला गावी जाताय ना?

मग पुढचा सीन तुम्हाला पाठच असेल. पहिल्या दिवशी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा आवाज, "आला आहेस तर दोन दिवस पंप घे पाठीवर. मजूर भेटत नाही." आपण पंप घेतो. जुना शर्ट, नाकाला दुपट्टा, पायात स्लिपर. हातमोजे घरात असतात, पण ते कपाटात. संध्याकाळी डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, मळमळतं. आजी म्हणते, "औषध लागलं असंल, लिंबूपाणी घे." रात्र जाते. सकाळी पुन्हा वावर.

तुमच्या घरी शेती नसेल, तर रूममेटला विचारून पाहा. त्याच्याकडे अशी एक तरी गोष्ट निघेलच.

आमच्याकडेही आहे. 2017 मध्ये मी आठवीत होते. दादा कपाशीवर फवारून आला आणि रात्रभर ओकत राहिला. तोंडातून लाळ, अंगाला घाम. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. सकाळी तो उठून बसला आणि विषय संपला. तो वाचला, कारण त्याचं नशीब चांगलं होतं. त्या रात्री त्याच्या शरीरात नेमकं काय बिघडलं होतं, हे मला कळलं ते आत्ता, या लेखासाठी वाचायला बसले तेव्हा. "औषध लागलं" या दोन शब्दांत आपण किती मोठी गोष्ट गुंडाळून टाकतो, हेही तेव्हाच कळलं.

त्या वर्षी काय झालं?

2017 च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबरच्या काळात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. देशभरातले पत्रकार यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात येऊन गेले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली.

कारणं एक नव्हती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे नोझल वर धरून मारावं लागत होतं आणि तुषार तोंडावरच पडत होते. जोरदार दाबाच्या पंपांमुळे तुषार आणखी बारीक झाले. उकाडा होता. बोंडअळी हटत नव्हती म्हणून दोन-तीन औषधं एकाच डब्यात मिसळली जात होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते.

ही झाली बाहेरची कारणं. आता आत जाऊ.

मेसेज पाठवा, लगेच डिलीट करा

हा पेपर धरलेलं बोट हलवून पाहा. हललं? मेंदूकडून निघालेला निरोप नसेतून विजेसारखा आला आणि नसेच्या टोकाला थांबला. कारण नस आणि स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. ती फट ओलांडायला निरोप वीज सोडून रसायनाचं रूप घेतो. त्या रसायनाचं नाव अ‍ॅसिटिलकोलिन. नस ते सोडते, स्नायू ते पकडतो आणि आखडतो.

नसेचा निरोप असा रसायनातून जातो, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये काम करणाऱ्या ओटो लोवी यांनी 1921 मध्ये दाखवलं. त्याची गोष्ट भारी आहे. प्रयोग त्यांना झोपेत सुचला. रात्रीच उठून त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते वाट न बघता थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची नस उत्तेजित करून त्याची धडधड मंद केली. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं. दुसऱ्याचीही धडधड मंद झाली! म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. 1936 मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं.

पण निरोप पोहोचणं हे अर्धंच काम. तो लगेच पुसलाही गेला पाहिजे. नाहीतर बोट वाकलेलंच राहील. हे पुसायचं काम करतं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम. आपण त्याला थोडक्यात कोलिनेस्टरेज म्हणू. याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो अ‍ॅसिटिलकोलिन तोडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान एन्झाइम्समध्ये त्याची गणना होते. तुम्ही मेसेज वाचून होईपर्यंत यानं तो डिलीट केलेला असतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट ही नावं कृषी केंद्राच्या बिलावर तुम्ही वाचली असतील. ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. ती याच एन्झाइमच्या कामाच्या जागी फॉस्फेटचा तुकडा चिकटवून बसतात. कुलपात काडी मोडून अडकावी तसं. किल्ली आत जातच नाही. मेसेज येत राहतात, डिलीट करायला कोणी उरत नाही.

अळी त्यामुळेच मरते. अडचण अशी की अळीत जे एन्झाइम आहे, तेच माणसातही आहे. रसायनाला दोघांतला फरक कळत नाही.

मग माणसाला काय होतं? डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दरदरून घाम, उलट्या, जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि अंधुक दिसतं. स्नायू थरथरतात, मग गळून जातात. छातीत कफ भरतो. शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात, आणि जीव जातो तो बहुतेक वेळा श्वास थांबल्यानं. दादाची लाळ आणि घाम हे ऊन लागल्याचं लक्षण नव्हतं, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

"काल काही झालं नाही, आज कसं झालं?"

हा प्रश्न गावात नेहमी ऐकू येतो. माणूस दहा दिवस फवारतो, काही होत नाही. अकराव्या दिवशी कोसळतो. मग लोक म्हणतात, उपाशी असेल, दारू प्यायला असेल.

खरं उत्तर रक्तात आहे. हेच एन्झाइम आपल्या लाल रक्तपेशींवरही असतं. लाल पेशी नवीन एन्झाइम तयार करू शकत नाहीत. एकदा ते कायमचं बंद पडलं, की नवीन पेशी येईपर्यंत वाट बघायची, आणि लाल पेशीचं आयुष्य असतं साधारण 120 दिवस. म्हणजे आज थोडं गेलं, परवा थोडं गेलं, भरून मात्र हळूहळू येतं. बँकेत पगार जमा व्हायच्या आधीच रोज पैसे काढत राहावं, तसं. शिल्लक संपत आली की एक छोटी रक्कमही चेक बाउन्स करते.

यातली चांगली बातमी अशी, की ही शिल्लक रक्ततपासणीत मोजता येते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1974 पासून असा नियम आहे, की ही औषधं हाताळणाऱ्या कामगाराची मोसमाआधीच रक्ततपासणी करून त्याची स्वतःची पातळी नोंदवायची. आधीच का? कारण प्रत्येकाची पातळी वेगळी असते. मोसमात लाल पेशींमधलं एन्झाइम स्वतःच्या पातळीच्या 70 टक्क्यांवर आलं, की त्याला फवारणीवरून काढायचं. 80 टक्क्यांवर परत चढलं की मगच पुन्हा घ्यायचं. त्याला त्रास होतोय की नाही याची वाटच पाहायची नाही.

आपल्याकडे मात्र 2017 मध्ये माणसं वॉर्डात होती, तेव्हाही ही तपासणी जिल्ह्यात सहज का होत नाही, यावर वाद चालला होता. कपाशीच्या जिल्ह्यात ही तपासणी मोसमाआधी व्हावी, ही मागणी आपल्या वयाच्या मुलांनी ग्रामसभेत करायला काय हरकत आहे?

प्रत्येक डब्याचा उतारा वेगळा

दवाखान्यात डॉक्टर दोन गोष्टी देतात. एक, अ‍ॅट्रोपिन. ते साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनला पकडायची जागाच बंद करतं. त्यामुळे लाळ, कफ, मंद झालेली नाडी आटोक्यात येते. दुसरी, पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. ते एन्झाइमला चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा ओढून काढायचा प्रयत्न करतं. पण वेळ गेला की तो तुकडा पक्का बसतो आणि मग निघत नाही. म्हणून "सकाळी बघू" हे वाक्य धोक्याचं.

आणखी एक गोची आहे. सगळी कीटकनाशकं कोलिनेस्टरेजवर काम करत नाहीत. डायफेन्थियुरॉन पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतं. सायपरमेथ्रिन नसांमधल्या सोडियमच्या दारांवर. फिप्रोनिल आणखी तिसरीकडे. कोलिनेस्टरेजचा उतारा त्यांना चालत नाही. आता एका डब्यात तीन औषधं मिसळून मारली असतील आणि रुग्णासोबत आलेल्यांना एकाचंही नाव माहीत नसेल, तर डॉक्टरांनी काय ओळखायचं? "हिरव्या झाकणाचं होतं" एवढ्यावर उपचार ठरत नाहीत.

कापसाचीच ढाल

आता या गोष्टीतला नवा भाग. बंगळुरूच्या इनस्टेम या संस्थेत प्रवीण कुमार वेमुला यांच्या गटानं वेगळा विचार केला. उतारा शरीरात गेल्यावर देण्यापेक्षा, विष कातडीपर्यंत पोहोचायच्या आधीच तोडलं तर? 2018 मध्ये त्यांनी कातडीला लावायचं एक जेल प्रसिद्ध केलं. उंदरांवरच्या प्रयोगात त्या जेलनं ऑर्गॅनोफॉस्फेटला वरच्यावर तोडलं.

पुढची पायरी कापडाची. पॅमच्या कुळातला रेणू त्यांनी कापसाच्या धाग्याला रासायनिक बंधानं कायमचा जोडला. साधं कापड औषध फक्त शोषून घेतं, आणि ओलं झालं की तेच कातडीला लावत बसतं. हे कापड औषधाचे तुकडे करतं. डिसेंबर 2024 मध्ये या कापडाचा सूट 'किसान कवच' या नावानं आला. किंमत साधारण 4,000 रुपये, धुऊन पुन्हा वापरता येतो.

ज्या कपाशीवर फवारताना माणसं गेली, त्याच कापसाच्या धाग्यातून ढाल निघते, हे वाचून मला बरं वाटलं. पण लगेच हिशेबही डोक्यात आला. 4,000 रुपये म्हणजे मजुराच्या कितीतरी दिवसांची मजुरी. मालक मजुराला तो सूट घेऊन देईल का? आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो अंगावर राहील का? प्रयोगशाळेतून वावरापर्यंतचा रस्ता अजून बाकी आहे.

एक पाऊल सरकारी पातळीवरही पडलं. 2023 मध्ये केंद्र सरकारनं मोनोक्रोटोफॉस 36 टक्के एसएलवर बंदीचा आदेश काढला, उरलेला साठा संपवायला मुदत देऊन. तरी घरातल्या कोपऱ्यात जुनी बाटली पडलेली असू शकते. या वेळी गेलात की बघाच.

आणि घरातल्या बायका?

फवारणी म्हटलं की आपल्याला पुरुष दिसतो. पण ड्रममध्ये पाणी कोण भरतं? औषधानं भिजलेला शर्ट कोण धुतं? आमच्याकडे आई धुवायची, घरातल्या बाकी कपड्यांसोबत, उघड्या हातांनी. ही औषधं कातडीतून आत जातात. म्हणजे तिच्याही खात्यातली शिल्लक कमी होत होती. तिची मोजायचं तर कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

गावी जाताना एवढं लक्षात ठेवा

- बाटलीवरची चौकोनी खूण बघा. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळी, मग निळी, आणि सर्वांत कमी विषारी हिरवी. लाल-पिवळी टाळून दुसरं काही मिळतं का, हे कृषी सहायकाला विचारा.
- फवारणीआधी प्रत्येक बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. दवाखान्यात तो सर्वांत आधी दाखवा.
- वाऱ्याच्या उलट दिशेनं मारू नका. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर आत शिरून मारू नका.
- नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. हे आपण सगळेच करतो, म्हणून सांगतेय.
- फवारणीचे कपडे वेगळे धुवा, हातमोजे घालून. काम झालं की साबणानं आंघोळ, मगच जेवण.
- लाळ, घाम, उलटी, अंधुक दिसणं यातलं काही दिसलं की काम थांबवा, कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि 108 ला फोन करा. मुद्दाम उलटी करायला लावू नका. दूध, तूप, लिंबूपाणी यांत वेळ घालवू नका.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते बाबांना सांगणं. "आम्ही वीस वर्षं मारतोय, आम्हाला काही झालं नाही," हे उत्तर ठरलेलं आहे. तेव्हा वाद घालू नका. त्यांना बोट हलवायला सांगा. निरोप कसा जातो आणि कसा पुसला जातो, ते समजावा. रक्तातल्या शिल्लकीचा हिशेब सांगा. शेतकऱ्याला शिल्लक म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मी हे दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या रात्री मला वाटलं होतं, मी मरतो. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही."

तुमच्या घरातही असं न बोललेलं काही असेल. या पोळ्याला विचारून बघा.