चढणं वेगळं, चव वेगळी

एप्रिल १९६३ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी अर्थसंकल्पात एक छोटीशी तरतूद केली. घरी स्वतःपुरती बिअर करायला लागणारा परवाना त्यांनी रद्द केला. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या काळापासून, म्हणजे १८८० पासून, हा परवाना चालत आलेला होता आणि तो घेण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नसे. तरतूद किरकोळ असली तरी तिने बिअर कशी असावी हे ठरवायचा हक्क कारखान्यांकडून थोडासा का होईना, लोकांच्या स्वयंपाकघरात आणला.

सुरुवातीला त्या हक्काचा उपयोग लोकांनी स्वस्तात चढेल असं काहीतरी करण्यासाठीच केला. बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, अर्काचे डबे मिळू लागले. डबा फोडायचा, गरम पाण्यात कालवायचा, वर किलोभर साखर ओतायची आणि यीस्ट टाकायचं. साखर यीस्टला आयतीच मिळते. ते ती पुरती फस्त करतं, अल्कोहोल वाढतं, पण द्रवाला अंग म्हणून काही उरत नाही. त्यामुळे ही बिअर कडक असायची खरी, पण पाणचट लागायची.

हे चित्र बदललं ते सत्तरच्या दशकात. १९७१ मध्ये पिंपातल्या ‘एल’ या पारंपरिक बिअरसाठी ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. १९७४ मध्ये डेव्ह लाइन यांचं ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ आलं आणि थेट धान्यापासून बिअर कशी करायची हे घरोघरच्या हौशी लोकांना नीट कळलं.

या कामाला अख्खी दुपार जाते. तेवीस लिटर साध्या बिअरसाठी सुमारे चार किलो माल्ट लागतं. ते भरडून गरम पाण्यात कालवतात आणि तासभर ६६-६७ अंश सेल्सियसवर झाकून ठेवतात. धान्यातले विकर पिष्टाची साखर करतात. मग खाली उतरलेला गोड, तपकिरी रस गाळून घेतात. त्याला वॉर्ट म्हणतात. तो हॉप्सची फुलं घालून पुन्हा तासभर उकळतात, भराभर वीस अंशांपर्यंत थंड करतात आणि यीस्ट टाकून झाकतात. आंबणं पुरतं संपायच्या आत बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात, म्हणून इथे घाई करून चालत नाही. बाकी निम्मा वेळ भांडी घासण्यात आणि निर्जंतुक करण्यात जातो, आणि बिअर बिघडते ती बहुधा याच कामात कुचराई झाल्यामुळे.

बिअर किती कडक होणार हे सांगतो हायड्रोमीटर. ही रसात तरंगणारी काचेची नळी. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. वॉर्टमध्ये साखर असल्यामुळे ती वर येते आणि समजा १.०४० दाखवते. आठवड्याभराने आकडा १.०१० वर उतरला, की दोन्हींमधल्या फरकाला १३१ ने गुणायचं. उत्तर येतं ३.९ टक्के अल्कोहोल.

खरी गंमत मात्र त्या तासभराच्या तापमानात आहे. भरड ६३-६५ अंशांवर ठेवली तर जवळपास सगळी साखर यीस्टला पचणारी होते, आणि बिअर हलकी व कोरडी लागते. तीच ६९ अंशांवर ठेवली तर यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखळ्या मागे राहतात आणि तोंड भरल्यासारखं वाटतं. त्यामुळे साडेतीन टक्क्यांची बिअर भरदार लागू शकते आणि आठ टक्क्यांची पाणचट. ज्याने हे दोन्ही प्रकार स्वतः करून पाहिले, तो लेबलवरचा आकडा बघून बिअर निवडत नाही.

कमी ताकदीच्या बिअरची कदर करणारा देश म्हणून ब्रिटनचं नाव घ्यायलाच हवं. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी सरकारने निर्बंध घातले, बिअर पातळ झाली आणि ती पूर्वीच्या ताकदीवर पुन्हा कधी गेलीच नाही. खाणी आणि भट्ट्यांमध्ये घाम गाळणाऱ्या मिडलंड्समधल्या कामगारांची आवडती ‘माइल्ड’ अजूनही तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. गडद रंगाची, भाजक्या धान्याच्या चवीची ही बिअर गप्पा मारत दोन पाइंट घेतली तरी माणूस भानावर राहतो. हिशेब सरळ आहे. ५६८ मिलिलिटरच्या पाइंटमध्ये साडेतीन टक्क्यांनी वीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं, आठ टक्क्यांनी पंचेचाळीस. ऑगस्ट २०२३ पासून तिथे साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरवर कर कमी झाला, आणि काही बड्या कंपन्यांनी आपल्या बिअरची ताकद ३.४ टक्क्यांवर आणली.

दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडची ‘ब्रूडॉग’ ही बिअर कंपनी. २०१० मध्ये तिने ५५ टक्क्यांची बिअर काढली. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट तग धरत नाही, म्हणून बिअर गोठवून त्यातलं पाणी बर्फाच्या रूपात काढून टाकावं लागतं. तंत्र म्हणून हे थक्क करणारं आहे, पण चवीशी त्याचा संबंध फारसा उरत नाही. याच कंपनीने २०१६ मध्ये आपल्या सगळ्या पाककृती घरगुती मापात फुकट खुल्या केल्या. ते काम कितीतरी मोलाचं.

अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केल्यावर. दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. तेव्हा त्या देशात शंभराहूनही कमी बिअर कारखाने उरले होते आणि बहुतेकांची बिअर एकाच छापाची होती. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बिअरचं सामान विकणारे केन ग्रॉसमन यांनी पुढे ‘सिएरा नेव्हाडा’ ही बिअर कंपनी काढली आणि कॅस्केड हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास देशभर नेला. आज तिथे नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत, आणि त्यांतले कित्येक घरच्या पातेल्यातून सुरू झालेत.

महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. बाजारात चालते ती मुख्यतः ‘स्ट्राँग’, आणि पैसा वसूल झाला की नाही हे ती किती चढली यावर ठरतं. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा गव्हाची ताजी, गढूळ बिअर पहिल्यांदाच चाखणारे गिऱ्हाईक पुष्कळ होते. तिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण केळं किंवा लवंग कुणी घातलेली नसते. तो वास यीस्ट स्वतःच तयार करतं.

म्हणूनच परदेशातले हौशी लोक एकच वॉर्ट दोन भांड्यांत वाटून दोन निरनिराळी यीस्ट टाकून पाहतात. नॉर्वेच्या वॉस भागातल्या शेतकऱ्यांनी ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या विरजणासारखं जपलं. लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा वापरायचं. नेहमीचं एल-यीस्ट वाढत्या तापमानात नकोसे वास सोडू लागतं, हे मात्र चाळीस अंशांपर्यंतही बिअर स्वच्छ आंबवतं आणि तीही काही दिवसांतच. आता त्याची पाकिटं जगभर विकली जातात, आणि बिअर गार ठेवायची सोय नसलेले हौशीही भर उन्हाळ्यात पिंप लावतात.