दोन सोपाऱ्याला, तीन भडोचला
(लेखमाला – सुवार्तेची शाळा : भाग ६)

१२ ऑक्टोबर १३२१ ही तारीख असलेले एक पत्र घोघा बंदरातून इराणातल्या तब्रीझकडे निघाले. लिहिणारा होता जॉर्डनस, दक्षिण फ्रान्समधल्या सेवेराकचा एक डॉमिनिकन व्रतस्थ. तब्रीझ आणि आसपासच्या मठांतल्या बांधवांना तो कळवत होता, की या किनाऱ्यावर काम होऊ शकेल अशा तीन जागा आहेत. सोपाऱ्याला दोघे पाठवा. भडोचच्या मुलखात दोघे किंवा तिघे. आणि खाली दक्षिणेत कोल्लमलाही कुणी तरी हवे.

मागच्या भागात आपण पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी पाहिली. १९५३ मध्ये ती यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. कुठे जायचे, किती जणांनी जायचे, लोकांशी कुठल्या भाषेत बोलायचे, हे प्रश्न कोणत्याही मिशनरी शिक्षणाच्या मुळाशी असतात. त्यातले पहिले दोन आपल्या ठाणे–सोपारा किनाऱ्याविषयी सातशे वर्षांपूर्वी कागदावर आले होते, ही गोष्ट डोंबिवलीत राहणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते. आपल्या एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला ठाणे. दोन्ही ठिकाणी हा इतिहास घडला आणि आपण रोज त्याच्या मधून लोकलने जातो.

कल्याणचे आधी सांगतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी आपल्या ग्रंथात लिहून गेला आहे, की ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. बहुतेक अभ्यासक हे आपले कल्याणच मानतात. म्हणजे इंग्रज, पोर्तुगीज यांच्या कितीतरी आधी उल्हास नदीच्या खाडीकाठी ख्रिस्ती व्यापाऱ्यांची वस्ती होती. ही मंडळी पौर्वात्य, नेस्टोरियन परंपरेची. जहाजांबरोबर आली, बाजारपेठेत राहिली. चौदाव्या शतकात ओदोरिक हा इटालियन प्रवासी ठाण्याला आला, तेव्हा त्याने तिथली नेस्टोरियनांची पंधरा घरे नोंदवली.

जॉर्डनसची कथा त्या पंधरा घरांतल्याच एकात घडली.

त्याच्याबरोबर चार फ्रान्सिस्कन होते : टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. त्यांना खरे तर जायचे होते चीनला. होर्मुझहून कोल्लमसाठी त्यांनी जहाज ठरवले. जहाजवाल्यांनी त्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध ठाण्याला आणून सोडले. तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात घेतले. सोपारा–भडोचकडे नावापुरते ख्रिस्ती असलेले लोक आहेत, त्यांना शिकवायला कुणी नाही, असे कळले. इतरांपेक्षा फारसी बरी येत होती म्हणून जॉर्डनस तिकडे गेला आणि चौघे ठाण्यातच राहिले.

तो नसताना यजमानाच्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले. नवऱ्याने मारले म्हणून बायको काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरातले हे परदेशी पाहुणे. घरगुती मारहाणीच्या फिर्यादीत साक्षीला बोलावलेल्यांशी धर्माचा वाद सुरू झाला, आणि महंमद पैगंबरांविषयी विचारल्यावर थॉमसने दिलेल्या कठोर उत्तराने तो हाताबाहेर गेला. एप्रिल १३२१ मध्ये चौघेही मारले गेले. दिल्लीच्या सुलतानाला हे कळले तेव्हा त्याने ठाण्याच्या अंमलदाराला शिक्षा केली, असे ओदोरिक लिहितो. जॉर्डनसने जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओदोरिकने ती हाडे उकरून चीनपर्यंत नेली. थॉमसला जिथे जायचे होते तिथे तो अशा रीतीने पोहोचला.

चौघे मारले गेल्याला सहा महिने झाल्यावर जॉर्डनस घोघ्याहून ते पत्र लिहितो. सोबतचे चौघे गेलेले, स्वतः एकटा, आणि तरीही पत्रात जागांची नावे आणि माणसांची संख्या. या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. खचून परत जाणे सोपे होते. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान आपण पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिला, असा साधा हिशेबही त्याने पत्रातून कळवला आहे. फुगवलेला वाटत नाही, म्हणूनच खरा वाटतो.

पण त्याची योजना मला अपुरी वाटते, आणि कुठे अपुरी वाटते ते सांगायला हवे. जॉर्डनसला फारसी येत होती. ती बंदरातली, व्यापाऱ्यांची, अंमलदारांची भाषा. सोपाऱ्याचा मिठागरवाला, भाताचा शेतकरी, आगरी, कोळी, बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई हे लोक फारसी बोलत नव्हते. पाठवायच्या दोघा-तिघांनी इथल्या लोकांची बोली शिकावी, वर्षभर नुसते ऐकावे, अशी काही तयारी त्या आराखड्यात दिसत नाही. माणसे किती हवीत हे त्याने बरोबर मोजले. ती माणसे कशी घडवायची हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

याहून गंभीर गोष्ट दुसऱ्या पत्रात आहे. ते जानेवारी १३२४ मध्ये त्याने खुद्द ठाण्याहून लिहिले. डोके, छाती, पोट, हातपाय सगळे दुखते आहे, कुणी सोबतीला नाही, असे त्यात लिहिलेले वाचून वाईट वाटते. त्याच जॉर्डनसला असेही वाटते, की पोपने या समुद्रात दोन लढाऊ गलबते ठेवली तर मोठा लाभ होईल आणि इजिप्तच्या सुलतानाची मोठी हानी होईल. एकट्या, आजारी माणसाच्या मनात असा विचार येणे मी समजू शकतो, पण तो चुकीचा होता असे माझे ठाम मत आहे. मठातून दोघे-तिघे मागणारा माणूस तीन वर्षांत आरमार मागू लागला. १३२९ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. गलबते त्या शतकात आली नाहीत. ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली, आणि वसई, साष्टी, गोव्यात सुवार्ता आणि सत्ता एकाच जहाजातून उतरल्यामुळे काय काय बिघडले, ते या लेखमालेच्या तिसऱ्या भागात आपण पाहिले आहे.

तरीही त्याच पोर्तुगीज वसईत एक मुलगा असा घडला, की जॉर्डनसच्या योजनेत नसलेले सगळे त्याच्यात होते. डोंबिवलीकरांना वसई जवळच आहे. कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून दिवा–वसई गाडी पकडली, की भिवंडीमार्गे थेट पोहोचता येते. गोन्सालो गार्सियाचा जन्म वसईतला, साधारण १५५७ चा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेजुइटांकडे तो शिकला आणि जेमतेम पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे तो उत्तम जपानी शिकला. धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे गावोगाव फिरला, तरी जेजुइट संघात त्याला घेतले गेले नाही. मग त्याने व्यापार केला. मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. १५९३ मध्ये त्याच संघाचे पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून राजदूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांना हाच वसईकर हवा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवले, त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संत घोषित केले. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथे रोज जाणाऱ्या मुलांना तो कोण होता हे माहीत असते. आपल्या भागात मात्र हे नाव क्वचितच ऐकू येते.

ज्याला संघाने आत घेतले नव्हते, त्याच्याच जिभेवर पुढे सगळे काम अवलंबून राहिले. मिशनरी शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या उदाहरणात आहे : भाषा, शेजार आणि दीर्घ वास्तव्य यांवर मिळवलेला हक्क हीच खरी पात्रता, आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांना ती बहुतेक वेळा उशिरा दिसते.

गोव्यात थॉमस स्टीफन्सने ही पात्रता स्वतः कमावली. १५७९ मध्ये आलेला हा इंग्रज जेजुइट १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापतो, आणि कोकणी भाषेचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोलला छापले जाते. नव्याने येणाऱ्या पाद्र्यांच्या हातात आता फारसीऐवजी गावातली भाषा होती. स्टीफन्सवर याच मालेत स्वतंत्र भाग येणार आहे, म्हणून इथे एवढेच.

पुढे हाच प्रश्न इथल्याच एका माणसाने हाती घेतला, मराठी कवी नारायण वामन टिळकांनी. त्यांचे काही शिक्षण कल्याणला झाले. वर सांगितलेल्या त्याच कल्याणला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले आणि तिथल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवूही लागले. मिशनचा पगार, बंगला, अहवाल या चौकटीत तयार होणारा प्रचारक गावकऱ्यांना साहेबाचा नोकर वाटतो, हे त्यांना दिसत होते. म्हणून त्यांनी कीर्तन आणि भजन हाती घेतले. १९१७ मध्ये पगार सोडून, संन्यास घेऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनमधल्या पुष्कळांना हे पचले नाही. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण प्रशिक्षणाचा आराखडा इथल्या माणसाने, इथल्या रीतीने मांडण्याचा इतका सरळ प्रयत्न आपल्याकडे क्वचितच झाला आहे. जॉर्डनसने विदेशातून दोन आणि तीन माणसे मागितली होती. टिळकांनी माणसे इथेच शोधली आणि त्यांना टाळ-मृदंगाच्या साथीने शिकवायला घेतले.

पुढच्या आठवड्यात जालन्याला जाऊ. तिथे नारायण शेषाद्रींनी ‘बेथेल’ हे गाव वसवले. प्रचारक आणि शेतकरी एकाच वस्तीत राहून कसे शिकत होते, आणि निजामाच्या राज्यात त्यासाठी जमीन कशी मिळाली, ते त्या भागात.