ओरिजिन (चित्रपट)

ओरिजिन हा आवा डुव्हर्ने यांनी दिग्दर्शित केलेला २०२३ सालचा अमेरिकन चित्रपट आहे. तो पत्रकार इझाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट' (२०२०) या ग्रंथावर आधारित असून हा ग्रंथ लिहिणारी लेखिका हीच त्याची नायिका आहे. ही भूमिका ऑन्जॅनू एलिस-टेलर यांनी केली आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुय्यम स्थान, नाझी जर्मनीतील ज्यूंचा छळ आणि भारतातील अस्पृश्यता यांच्या मुळाशी एकच रचना आहे काय, हा चित्रपटाचा मुख्य प्रश्न होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनातील प्रसंगही त्यात येतात. नांदेडचे अभ्यासक सूरज एंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. यातील एक प्रसंग रायगड जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याशी ताडून पाहण्याजोगा आहे.

तरणतलावाचा प्रसंग

१९५१ साली ओहायो राज्यातील यंग्सटाउन येथे मुलांच्या एका बेसबॉल संघाने शहराचे अजिंक्यपद मिळवले. त्या आनंदाप्रीत्यर्थ संघ सार्वजनिक तरणतलावावर गेला. संघातील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू अल ब्राइट याला मात्र कुंपणाबाहेर बसावे लागले. रदबदली झाल्यावर इतर सर्वांना पाण्याबाहेर काढण्यात आले, त्याला तरंगत्या गादीवर बसवून जीवरक्षकाने तलावात एक फेरी मारून आणली आणि पाण्याला हात लागता कामा नये, अशी ताकीद दिली.

केवळ रंगाचा तिटकारा असता, तर त्या मुलाला आत घेतलेच नसते. येथे भय पाण्याविषयीचे आहे. त्याच्या स्पर्शाने पाण्याला काही लागेल आणि ते पाणी इतरांना ते लावील, ही ती समजूत. 'वंशभेद' हा शब्द अपुरा पडतो, असे चित्रपटाचे म्हणणे आहे. मराठी वाचकाला त्यासाठी फार शोधावे लागत नाही. 'विटाळ' हा शब्द त्याच्या भाषेत जुनाच आहे.

महाडशी तुलना

पोलादपूरकडून वाहत येणाऱ्या सावित्री नदीच्या खोऱ्यात महाड वसले आहे. पावसाळ्यात येथे पाणी उदंड असते, परंतु उन्हाळ्यात डोंगरउतारावरील वाड्यांना टंचाई जाणवते. बाजारासाठी वा तालुक्याच्या सरकारी कामासाठी खेड्यांतून आलेल्या अस्पृश्यांना महाडात चवदार तळ्याचे पाणी घेता येत नसे. गावापासून दूर त्यांच्याच वस्तीतील विहीर गाठावी लागे. तहान हा येथे रूपकाचा विषय नव्हता, हे तात्त्विक चर्चेत विसरले जाते.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले व पाणी प्याले. वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे १०८ घागरींत पंचगव्य घालून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. यंग्सटाउनला तलाव रिकामा केला, महाडला तो मंत्रांनी धुतला, तर्क एकच.

तरीही साम्य येथवरच नेता येते. अल ब्राइट एकटा होता, बालक होता, आणि त्याला जे मिळाले ते इतरांच्या परवानगीने मिळाले. महाडला गेलेल्यांनी परवानगी मागितली नव्हती. पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, समतेचा पाया घालण्यासाठी येथे आलो आहोत, असा आशय आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत मांडला आणि १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी त्या परिषदेची तुलना केली. याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यामुळे अपमानित माणसाची ओळख अपमानातून घडते की त्याच्या स्वतःच्या कृतीतून, या प्रश्नाचे उत्तर ओरिजिनमधील तलावापेक्षा महाडचे तळे अधिक स्पष्ट देते. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात महाडचा प्रसंग पाहता येतो. त्यातील भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मर्यादा

दुसरा भेद अधिक अवघड आहे. अमेरिकेत रंग दिसतो. महाडच्या रस्त्यावर माणसाची जात नाव, गाव आणि वस्ती विचारून ठरत असे. शिवाय आंबेडकरांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले आहे. तीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते, म्हणून सर्व पीडितांची एकजूट दुर्घट होते. तीन देशांना एका सूत्रात ओवताना चित्रपट या पायऱ्यांकडे पुरेसे लक्ष देत नाही.

तुलना मात्र नवी नाही. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्याकडे पत्र लिहून मागितली होती. अस्पृश्यांच्या वतीनेही तसा अर्ज करण्याचा विचार त्यामागे होता. ड्यु बॉइस यांनी जुलै अखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठवले. चवदार तळ्याचा दावा तोवर निकाली निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला, म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी कोर्टात दहा वर्षे गेली.