जुन्या मोटारीचे इंजिन : आधी ठिणगी, मग पेट्रोल

चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन येणाऱ्या खेड व मावळ तालुक्यांतील काही घरांच्या पडवीत जुनी फियाट, प्रीमियर पद्मिनी किंवा जीप अद्याप उभी असलेली दिसते. फियाट ११०० ही गाडी मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून तयार होऊ लागली. तिचीच पुढील आवृत्ती असलेल्या पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रजा घेतली. जीपची ओळख तर खेड्यांना त्याहून जुनी आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा विकास गटांच्या कचेऱ्यांत हीच गाडी आली.

अशी गाडी अडली म्हणजे मालकास कारागीर मिळणे आता अवघड झाले आहे. आकुर्डी, भोसरी व चाकण हा पट्टा वाहनांच्या कारखान्यांनी भरलेला असला तरी आजचा तरुण कारागीर संगणकाच्या गाड्यांवर शिकलेला असतो. त्या गाड्या आपला दोष यंत्राच्या पडद्यावर स्वतःच सांगतात. जुनी गाडी तसे सांगत नाही. मग इंजिन झटके मारू लागले की प्रथम हात जातो तो कार्ब्युरेटरकडे, कारण त्याचे स्क्रू बाहेरच असतात व फिरविण्यास सोपे असतात. यात पुष्कळदा चांगला कार्ब्युरेटर बिघडतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

पेट्रोल इंजिनास तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी पडणारी ठिणगी, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. यांपैकी ठिणगीचे व मिश्रणाचे दोष वरवर पाहता सारखेच दिसतात. इंजिन लवकर सुरू होत नाही, चढावर दम तोडते, पेट्रोल जास्त खाते. उदाहरणार्थ, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फायबरची टाच झिजली की पॉइंटमधील फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात व ठिणगी उशिरा पडते. इंजिन तापते, ताकद घटते, पेट्रोलचा खर्च वाढतो. मालक म्हणतो, कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडतो. वास्तविक दोष एका लहानशा फटीत असतो आणि ती पातीच्या मापाने तपासून गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावण्यास पाव तासही लागत नाही.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. प्रथम ठिणगी पाहावी. प्लगची तार काढून कोरड्या लाकडी चिमट्याने धरावी, तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून सुमारे ६ मिलिमीटर दूर ठेवावे आणि दुसऱ्याकडून इंजिन फिरवून घ्यावे. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये असावी, कोठेही पेट्रोल सांडलेले नसावे व कार्ब्युरेटरपासून दूरची जागा निवडावी. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी चांगली; पिवळसर व बारीक ठिणगी कमजोर समजावी. चारही तारांत ठिणगी कमजोर असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा बॅटरीची जोडणी पाहावी. कॉइलच्या मुख्य तारेत ठिणगी जोरदार असून प्लगच्या तारांत नसेल तर रोटर किंवा डिस्ट्रिब्युटरचे झाकण सदोष असते. पावसाळ्यात या झाकणाच्या आत धरलेला दमटपणा कोरड्या फडक्याने पुसला तरी पुष्कळ गाड्या चालू होतात. पॉइंट वारंवार जळून काळेनिळे पडत असतील तर कंडेन्सर बदलावा.

ठिणगी समाधानकारक असेल तरच पेट्रोलकडे वळावे. येथे प्लगच उत्तम साक्षीदार आहे. गाडी काही अंतर चालवून इंजिन बंद करावे, थोडे निवू द्यावे, आणि चारही प्लग काढून ओळीने मांडावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरे, भाजल्यासारखे टोक म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. मात्र चारही प्लग सारखेच काळे असले तरच कार्ब्युरेटर, अडकलेला चोक किंवा धुळीने बुजलेली हवेची जाळी यांचा संशय घ्यावा. एकच प्लग काळा असेल तर त्या एका प्लगमध्ये, तारेत किंवा सिलिंडरमध्ये दोष शोधावा. चौघांना पेट्रोल पुरविणारा कार्ब्युरेटर एकच असतो, हे लक्षात असावे.

मिश्रण पातळ असल्याचा संशय आल्यास गरम इंजिन चालू ठेवून चोक किंचित ओढावा. इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ आहे. जेटमध्ये कचरा आहे किंवा कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जात आहे. इंजिन अधिकच घुटमळू लागले तर मिश्रण आधीच दाट आहे. धूर तपासणीची पावतीही येथे उपयोगी पडते. बहुतेक मालक ती न वाचताच घडी करून ठेवतात. तीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मोठा असेल तर मिश्रण दाट आहे. तो आकडा कमी पण हायड्रोकार्बनचा मोठा असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. अशा वेळी ठिणगी चुकत असल्याचा किंवा मिश्रण फारच पातळ असल्याचा संभव असतो.

सर्वांत फसवा प्रसंग पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकणच्या कोंडीत घडतो. एप्रिल-मे महिन्यांत गाडी अर्धा तास रखडत चालते, इंजिन तापते आणि एकाएकी बंद पडते. वीस मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. याची कारणे दोन असू शकतात. एक, तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर काम सोडतो. दुसरे, पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये नेली तर दोन्ही गोष्टी निर्दोष आढळतात, म्हणून निदान जागीच करावे. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ताबडतोब ठिणगीची चाचणी घ्यावी. ठिणगी नसेल तर कॉइल-कंडेन्सर पाहावा. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलच्या पंपावर व नळीवर ओले फडके गुंडाळून पाच मिनिटे थांबावे. त्यानंतर गाडी सुरू झाली तर दोष वाफेचा आहे, आणि नळी सायलेन्सरच्या तापलेल्या नळापासून दूर बांधून घेणे हा त्यावर उपाय आहे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मात्र ओतू नये. ओतीव भागास तडा जाण्याची भीती असते.

आता एक नवे कारण या जुन्या गाड्यांच्या वाट्याला आले आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले. त्यातील बराच भाग उसापासूनचा, म्हणजे आपल्याच शेतातला आहे. ऊस उत्पादकास ती इष्ट गोष्ट असली तरी जुन्या कार्ब्युरेटरचे गणित तीमुळे बदलते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते; इथेनॉलला सुमारे ९ आणि या २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. नवीन गाडीतील संगणक त्याप्रमाणे पेट्रोल वाढवितो. जेटचे छिद्र तेवढेच राहत असल्यामुळे पद्मिनीचे मिश्रण आपोआप पातळ होते. पूर्वी तपकिरी असणारे प्लग पांढरट दिसू लागले, थंडीत चोक जास्त वेळ ओढावा लागू लागला, तर कारण येथे शोधावे. प्लग, पॉइंट व ठिणगीची वेळ ठीक असल्याची खात्री करून मगच मुख्य जेट एक क्रमांकाने मोठा बसवावा व प्लगचा रंग पुन्हा पाहावा. पातळ मिश्रणावर गाडी तशीच ओढत राहिल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, आणि तो खर्च जेटच्या कितीतरी पट होतो.

याहून गंभीर बाब रबराच्या नळ्यांची आहे. जुने रबर इथेनॉलने फुगते किंवा मऊ पडते व पुढे झिरपू लागते. झिरपलेले पेट्रोल तापलेल्या भागावर पडल्यास आग लागते. म्हणून पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या आणून एकदम बदलाव्यात. टाकीतील जुना गाळही इथेनॉलने सुटून गाळणीत येतो, तेव्हा आरंभी गाळणी दोनदा बदलावी लागली तर नवल मानू नये. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पुरेसे पाणी जमले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. सुगीपुरतीच चालणारी जीप किंवा पावसाळाभर झाकून ठेवलेली मोटार टाकी रिकामी करून ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना हे सभेत दाखविता येईल. काचेच्या मापात १०० मि.लि. पेट्रोल व २० मि.लि. पाणी घालून हलवावे व थोडा वेळ स्थिर ठेवावे. खालचा थर २० वरून ४० मि.लि.च्या जवळ जातो, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे येते. प्रयोग उघड्यावर करावा, जवळ विडी किंवा दिवा नसावा, आणि उरलेले मिश्रण कोणत्याही टाकीत परत ओतू नये. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपांच्या मालकांनाही बोलवावे. त्यांच्या नळ्या व कार्ब्युरेटर याच पेट्रोलवर चालतात आणि हंगाम संपल्यावर त्यांच्या टाकीत ते महिनोन् महिने पडून राहते.