डोळ्यामागची गाठ

आपला डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. त्याच्यामागे चरबी असते, डोळा फिरवणारे स्नायू असतात आणि मेंदूकडे जाणारी नस असते. ही जागा बाहेरून दिसत नाही. तिथे गाठ वाढली की डोळा पुढे येतो, पापणी जड होते, किंवा एकाची दोन माणसे दिसू लागतात.

अशा गाठींत एक लिम्फोमा नावाची असते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी शरीराची राखण करतात. त्याच बेसुमार वाढू लागल्या की हा कर्करोग होतो. डोळ्याभोवती तो बहुधा उतारवयात होतो. तो सावकाश वाढतो आणि बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणूनच माणूस फसतो. "दुखत नाही ना, मग राहू दे," असे म्हणत वर्ष निघून जाते.

पुष्कळ जण आम्हांला विचारतात, "गुरुजी, एक फोटो काढला, मग दुसरा कशाला?" त्याचे कारण समजून घेऊ.

1895 साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. साध्या क्ष-किरण फोटोत हाड छान दिसते, पण मऊ गाठ नीट दिसत नाही. पुढे 1971 साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू तपासला. हे यंत्र भोवती फिरून अनेक बाजूंनी चित्रे घेते. काकडीच्या चकत्या केल्या की आतल्या बिया दिसतात ना? तसे हे यंत्र न कापताच आतल्या चकत्या दाखवते. गाठीने हाड पोखरले का, तेही कळते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तिथे मोठे लोहचुंबक असते. त्यात मऊ भाग जास्त स्पष्ट दिसतात. लोहारकाम किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधीच सांगावे. चुंबकाने तो कण हलला, तर डोळ्याला इजा होते.

लिम्फोमाची गाठ पुष्कळदा ओल्या मातीसारखी डोळ्याला लिंपून बसते. हाड ती सहसा मोडत नाही. पण साधी सूजही कधी कधी अशीच दिसते. म्हणून गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. नुसत्या फोटोवर निकाल देत नाहीत.

लिम्फोमा ठरला, तर तो शरीरात आणखी कुठे आहे का, हे पाहतात. त्यासाठी पेट नावाची तपासणी असते. किरण देणारी थोडी साखर शिरेतून टोचतात. रोगी पेशी बहुधा जास्त साखर ओढून घेतात, आणि तेवढी जागा चित्रात उजळते.

म्हणजे प्रत्येक तपासणीचे काम निराळे आहे. तरीही "ही कशासाठी?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे. त्यात संकोच नको.

सावकाश वाढणारा हा रोग किरणांच्या उपचाराने पुष्कळदा आटोक्यात येतो. तेव्हा डोळा पुढे आला, तर पाल्याचा रस घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळेही अधूनमधून निरखून पाहा.