ताकद वाढवायची की अडथळा काढायचा? जुनी फोर बाय फोर गाडी आणि मागचा ट्रेलर

मंडळी, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज गिअरबॉक्सवर बोलायला उभे राहिलो, म्हणून पुढच्या रांगेत हसू फुटलेलं दिसतंय. हसा. पण विषय आम्ही गमतीने घेतलेला नाही.

२७ जुलै २०१९ हा दिवस बदलापूरकरांना वेगळा सांगायला नको. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारावर प्रवासी डब्यांत, आणि सगळीकडे पाणी. एनडीआरएफच्या जवानांनी रबरी होड्यांतून माणसं बाहेर काढली. होडी पाण्यावर चालते हे खरं, पण पाण्यापर्यंत तिला रस्त्यानेच यावं लागतं; आणि पुराच्या दिवशी तो रस्ता म्हणजे चिखल, उतार आणि खड्डे. आमच्यासारख्या काही निवृत्त मंडळींनी एक जुनी, लांब अंगाची, डिझेलवरची फोर बाय फोर गाडी आणि दोन चाकांचा होडीचा ट्रेलर पावसाळ्यासाठी तयार ठेवला आहे, तो एवढ्यासाठीच. सराव करतो तो बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चढ-उतार आणि वळणं आहेत म्हणून. धरणात होडी उतरवत नाही. ते पाणी एमआयडीसीचं आहे आणि ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांच्या पिण्याचं आहे.

आता मुद्दा. जुनी गाडी ट्रेलर ओढताना चढावर दमायला लागली की मालक गॅरेजमध्ये जाऊन पहिलं वाक्य काय बोलतो? "ताकद गेलीय, पंप वाढवून द्या." म्हणजे डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनात जास्त डिझेल सोडा. आमच्या न्यायशास्त्रात यावर जुना वाद आहे. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ आणला तर जाळत नाही, असं उदाहरण घेतात. प्राभाकर मीमांसक म्हणतात, अग्नीत 'शक्ती' नावाचा स्वतंत्र पदार्थ आहे आणि मण्यामुळे ती शक्ती नाहीशी होते. नैयायिक म्हणतात, शक्ती-बिक्ती काही वेगळी मानायची गरज नाही. मणी हा प्रतिबंधक आहे, आणि प्रतिबंधक नसणं हेसुद्धा कारणसामग्रीतच मोजा. मालक हा जन्मजात मीमांसक असतो. चांगला मेकॅनिक मात्र नैयायिक असावा लागतो. तो आधी विचारतो, अडलंय कुठे?

आणि बहुतेक वेळा अडलेलं असतं रेडिएटरमध्ये. ट्रेलर ओढताना इंजिन सतत भाराखाली चालतं, वेग कमी असल्यामुळे समोरून येणारा वारा कमी, म्हणजे उष्णता जास्त आणि ती काढून नेणारी हवा थोडी. जुन्या रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवताचं कुसळ बसलेलं असतं, नळ्यांत आतून क्षार. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्यावं, पंख्याभोवतीचं झाकण मोडलं असेल तर ते बसवावं, साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरावं. इथे आपल्याकडची एक खोड सांगायलाच हवी: गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. त्याने काटा खाली राहतो, मालक खूश होतो. पण इंजिन कधी नीट गरमच होत नाही आणि आतून झिजत राहतं. तापण्याचं खरं कारणही तसंच शिल्लक राहतं. अडलेला एअर फिल्टर, चोंदलेला डिझेल फिल्टर, घासलेला ब्रेक हेही असेच प्रतिबंधक. चाक उचलून हाताने फिरवून बघा. जड फिरलं तर निम्मी 'गेलेली ताकद' तिथेच सापडते. हे सगळं न बघता पंप वाढवला तर मागे काळा धूर आणि आत जास्त उष्णता, एवढंच पदरात पडतं.

पण ओढणं हा प्रश्नाचा सोपा अर्धा भाग झाला. अवघड भाग थांबण्याचा आहे. साधा हिशेब करू. माणसं-सामानासह गाडी २,००० किलो आणि होडीसह ट्रेलर १,००० किलो धरा. ही ३,००० किलोची जोडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण १० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. इंजिनाच्या आवराने आणि वाऱ्याने काही भाग खाल्ला, तरी बाकीची उष्णता ब्रेकच्या ड्रममध्येच जाते. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा! तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, तेही मे महिन्यात. दुसरं, डिझेल गाडीच्या ब्रेक बूस्टरला लागणारी पोकळी एका पंपातून येते, आणि तो पंप इंजिनाबरोबर फिरतो. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टर रिकामा, मग पाय कितीही दाबा.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच. सर्वांत साधा प्रकार धक्क्यावर चालतो: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. रिव्हर्स घेतानाही तो दांडा आत सरकतो, त्यामुळे तेव्हा त्याला अडकवून ठेवायची खुंटी लागते. एवढ्यासाठी खर्च होतो म्हणून लोक कुरकुरतात, आणि त्याच पैशात रुंद टायर आणि छतावरचे दिवे घेतात. घ्यावेत; पण नंतर.

वजनाचं बोलू. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग कपलिंगवर, म्हणजे गाडीच्या हुकावर, पडावा. फार कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. म्हणजे आपल्या ट्रेलरचे १०० किलो. आता हुक मागच्या ॲक्सलच्या मागे १.२ मीटरवर आहे आणि दोन ॲक्सलमध्ये २.४ मीटर अंतर आहे असं समजा. तराजूच्या दांडीचा नियम लावा: पुढच्या चाकांवरचे ५० किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर १५० किलो वाढतात. १०० किलो ठेवले आणि १५० वाढले, हे विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो. परिणाम असा की स्टिअरिंग हलकं होतं, पुढचे ब्रेक कमी पकडतात, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मागे एखादा पाटा वाढवला की गाडी सपाट दिसते. पण ॲक्सल, बेअरिंग आणि टायरची सहनशक्ती तेवढीच राहते. हुक बंपरला कधीही बसवू नका, चासीला बसवा, आणि साखळ्या दोन, कैचीसारख्या एकमेकींना छेदून.

चार चाकांच्या ओढीबद्दल गैरसमज खूप आहेत. आपल्याकडच्या जुन्या गाड्या, म्हणजे महिंद्राच्या जीप घराण्यातल्या किंवा पुण्याच्या बजाज टेम्पोची गुरखा, यांत पुढची चाकं लीव्हर टाकल्यावरच जोडली जातात. (ही कंपनी पुढे फोर्स मोटर्स झाली, पण 'टेम्पो' हे तिच्या नावातलं सामान्यनाम आपल्याकडे राहून गेलं.) वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून ताण शाफ्ट आणि गिअरांत साठतो. तेव्हा बारवीच्या कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकून वळणं घेणं म्हणजे स्वतःच्या गाडीशी कुस्ती खेळणं आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे ठेवायचे ते याच कारणाने. कायम चारही चाकं ओढणाऱ्या परदेशी व्हॅनमध्ये तर ही गोष्ट आणखी काटेकोर पाळावी लागते.

छोटा गिअर मात्र खरा उपयोगी. लो रेंजमध्ये जुन्या जीपची ओढ साधारण अडीचपट होते आणि वेग तेवढाच घटतो. ओल्या काठावर ट्रेलर रिव्हर्समध्ये उतरवताना हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लचप्लेट जळते. लोमध्ये टाका, क्लच पूर्ण सोडा, गाडी आपसूक रांगत जाते. चढतानाही तेच. चार चाकांच्या ओढीचे पैसे वसूल होतात ते त्या वीस-तीस फुटांच्या चिखलात.

काठावर आणखी एक गंमत आहे, म्हणजे गंमत नव्हे. रस्त्याने आलेल्या ट्रेलरच्या चाकांचं बेअरिंग गरम असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडीच्या ॲक्सलचंही तसंच. दहा-पंधरा मिनिटं थांबता आलं तर थांबा. माणसं अडकलेली असतील तर अर्थात थांबायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरायचं. ॲक्सलच्या ब्रीदरला नळी जोडून ती वर, बॉनेटच्या उंचीवर न्यावी. खर्च किरकोळ आहे. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं असं समजा आणि लगेच बदला. शाफ्टच्या क्रॉसना निपल असतील तर प्रत्येक बुडीनंतर ग्रीसगन मारा. आणि गाडी आठ महिने नुसती उभी असेल तर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर व्हील टाकून थोडी चालवा. तेल सगळीकडे फिरतं, लीव्हर जाम होत नाही.

शेवटी कागद. सुटे भाग बदलत गेलो तर गाडी तीच राहते का? मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल हेच विचारलं: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आरटीओचं उत्तर सरळ आहे: चासी नंबर. इंजिन दुसऱ्या जातीचं टाकायचं असेल, बॉडी बदलायची असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा. मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी मनाने बनवता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, तपासणी करून, पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याचीही नोंदणी लागते, विमा लागतो. ट्रेलरच्या दिव्यांची वायरिंग कशी करायची ते फळ्यावर काढून दाखवावं लागेल, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.