ऑनलाइन चाचणीतील चित्रप्रश्न : रचना आणि दक्षता

'पुढील आकृतीतील भागांना नावे द्या' किंवा 'महाराष्ट्राच्या नकाशा आराखड्यात पुढील ठिकाणे दाखवा' हे प्रश्न सोडविल्यावाचून आपल्या राज्यातील कोणताही विद्यार्थी शाळेतून बाहेर पडलेला नाही. विज्ञान आणि भूगोल या विषयांत अशा प्रश्नांना मोठे महत्त्व आहे. हृदयाच्या डाव्या निलयाचे कार्य पाठ म्हणून दाखविणारा विद्यार्थी आकृतीत ते निलय नेमके कोठे आहे हे सांगताना अडखळतो, असा अनुभव बहुतेक शिक्षकांना येतो. नाव ठाऊक असणे आणि जागा ठाऊक असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. चित्रप्रश्न या दुसऱ्या गोष्टीची पारख करतो.

२०२० मधील महामारीच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील चाचण्या घरोघरी पोहोचल्या. त्यांतील बहुतेक प्रश्न चार पर्यायांतून एक निवडण्याचे असत. चित्रावर नाव नेऊन ठेवण्याचे प्रश्नही संगणकावर तयार करता येतात. त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. मात्र एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. कागदावरील नकाशात विद्यार्थ्याने दिलेला ठिपका जागेपासून थोडासा सरकला, तरी परीक्षक तारतम्याने गुण देतो. यंत्राला असे तारतम्य नसते. किती चूक क्षम्य मानावयाची, हे प्रश्न तयार करणाऱ्यानेच आधी ठरवून प्रश्नात भरून ठेवावे लागते. हे काम नीट झाले नाही, तर उत्तर येणाऱ्या मुलाचा गुण जातो आणि न येणाऱ्यास तो आयता मिळतो.

दोन प्रकार

या लेखात 'मूडल' या प्रणालीचे उदाहरण घेतले आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी निर्माण केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुक्त परवान्याखाली असल्याने तिच्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. आपल्याकडील अनेक महाविद्यालये व विद्यापीठे तिचा उपयोग करतात. चित्रावर नावे ठेवण्याचे प्रश्नप्रकार ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने मूडलसाठी विकसित केले आणि नोव्हेंबर २०१५ मधील ३.० या आवृत्तीपासून ते मूळ प्रणालीचा भाग झाले.

यांपैकी दोन प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत. 'ड्रॅग अँड ड्रॉप ऑन्टू इमेज' या पहिल्या प्रकारात चित्रावर रिकाम्या चौकटी दिसतात आणि विद्यार्थी खाली दिलेली नावे ओढून त्या चौकटींत ठेवतो. 'ड्रॅग अँड ड्रॉप मार्कर्स' या दुसऱ्या प्रकारात चित्रावर कोणतीही चौकट दिसत नाही. विद्यार्थ्याने जागा स्वतःच ओळखून नावाची खूण तेथे न्यावयाची असते. आकृतीला नावे देण्यास पहिला प्रकार सोयीचा, तर नकाशा भरण्यास दुसरा.

हृदयाची आकृती

पहिल्या प्रकारासाठी मानवी हृदयाची आकृती घेऊ. प्रथम आकृतीवर छापलेली नावे पुसून घ्यावीत. निर्देशक रेषा मात्र तशाच ठेवाव्यात. चित्र सुमारे ६०० बिंदू रुंद व ४०० बिंदू उंच असावे. याहून मोठे चित्र प्रणाली आपण होऊन लहान करते व बारीक रेषा अस्पष्ट होतात. चित्र चढविल्यानंतर नावांची यादी द्यावी : उजवे अलिंद, डावे अलिंद, उजवे निलय, डावे निलय, महाधमनी, फुफ्फुस धमनी. शेवटी प्रत्येक नावासाठी एक चौकट निर्माण करून ती निर्देशक रेषेच्या टोकाशी नेऊन ठेवावी. चौकट भागाच्या वरच ठेवली, तर जो भाग ओळखावयाचा तोच झाकला जातो.

येथे काही दक्षता घ्यावयास हवी. सहा जागांसाठी सहाच नावे दिली, तर पाच जागा ठाऊक असणाऱ्या विद्यार्थ्यास सहावी विचार न करताच मिळते. म्हणून एक-दोन नावे जास्त द्यावीत. ती विषयाला धरून असावीत. 'महाशिरा' हे नाव विद्यार्थ्याला विचार करावयास लावील. 'जठर' हे नाव कोणालाच फसविणार नाही. नावांचे गट पाडण्याची सोय प्रणालीत आहे. परंतु एका गटातील नाव त्याच गटाच्या चौकटीत बसत असल्याने गट पाडले की निम्मे उत्तर आपणच सांगितल्यासारखे होते. चाचणीसाठी सर्व नावे एकाच गटात ठेवणे इष्ट. एका गटातील सर्व चौकटी सारख्याच आकाराच्या होतात, त्यामुळे नावाच्या लांबीवरून उत्तर ताडता येत नाही. नावांचा क्रम दर वेळी बदलण्याचा पर्यायही निवडावा.

हृदयाच्या बाबतीत आणखी एक सूचना आवश्यक आहे. आकृती समोरच्या व्यक्तीच्या हृदयाची असल्याने तिचे 'उजवे' अलिंद आपल्या डाव्या हातास दिसते. विद्यार्थ्याची कसोटी याच ठिकाणी लागते. शिक्षकाची चूकही येथेच होण्याचा संभव असतो. एकदा चुकीचे उत्तर यंत्रात नोंदले गेले, तर बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येक मुलास ते चूक ठरवील आणि त्याबद्दल कोणाला संशयही येणार नाही.

महाराष्ट्रातील धरणे

दुसऱ्या प्रकारासाठी राज्याच्या नकाशात कोयना, जायकवाडी, उजनी आणि तोतलाडोह ही चार धरणे दाखविण्याचा प्रश्न घेऊ. येथे प्रत्येक धरणाभोवती एक अदृश्य क्षेत्र आखावे लागते. ते वर्तुळ, आयत किंवा बहुभुज यांपैकी कोणत्याही आकाराचे असू शकते. खुणेचे टोक त्या क्षेत्रात पडले की उत्तर बरोबर धरले जाते. क्षेत्राचे स्थान बिंदूंच्या मोजमापाने सांगावयाचे असते व हे मोजमाप चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. '२१०,१६०;१५' याचा अर्थ डावीकडून २१० व वरून १६० बिंदूंवर केंद्र असलेले १५ बिंदू त्रिज्येचे वर्तुळ. गणिताच्या आलेखात दुसरा अंक खालून वर मोजतात, येथे वरून खाली, हे विसरू नये. अलीकडील आवृत्त्यांत आकार माउसने ओढून योग्य जागी नेला की अंक आपोआप भरले जातात.

वर्तुळ किती मोठे असावे? राज्याचा दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ७०० किलोमीटर आहे. नकाशा ४०० बिंदू उंचीचा असेल, तर एक बिंदू सुमारे पावणेदोन किलोमीटर दाखवितो आणि १५ बिंदू त्रिज्येचे वर्तुळ धरणाभोवतीचा सुमारे २६ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश व्यापते. शालेय पातळीवर एवढी सवलत योग्य म्हणता येईल. त्रिज्या ५ बिंदू ठेवली, तर भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर बोटाने खूण ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे बरोबर उत्तरही चूक ठरेल. उलट, त्रिज्या ६० बिंदू ठेवली, तर कोयनेची खूण सातारा जिल्हा ओलांडून भलतीकडे पडली, तरी गुण मिळेल.

यावरून आणखी एक नियम निघतो. खडकवासला आणि पानशेत या धरणांतील सरळ अंतर २० किलोमीटरच्या आत आहे. राज्याच्या नकाशावर ते दहा-बारा बिंदूंएवढेच भरते व दोन्ही वर्तुळे एकमेकांवर येतात. अशी जोडी राज्याच्या नकाशावर विचारू नये. त्यासाठी पुणे जिल्ह्याचा नकाशा घ्यावा. नदी दाखवावयाची असेल, तर वर्तुळ उपयोगी नाही. गोदावरीच्या प्रवाहालगत अरुंद बहुभुज आखणे हाच मार्ग होय.

गुण आणि मार्गदर्शन

पहिल्या प्रकारात प्रत्येक चौकटीस समान गुण असतात. सहापैकी चार नावे बरोबर असतील, तर तेवढ्या प्रमाणात गुण मिळतात. सरावासाठी प्रश्न पुन्हा सोडविण्याची मुभा देता येते. अशा वेळी चुकलेली नावेच परत खाली पाठवून बरोबर नावे जागेवर राखण्याची व्यवस्था आहे. सोबत मार्गदर्शनाचे एखादे वाक्य द्यावे. 'चूक' एवढेच सांगण्याऐवजी 'जायकवाडी धरण गोदावरीवर पैठणजवळ आहे, नदीच्या काठाने शोधा' असे सांगितल्यास चाचणीचा पाठ होतो.

या प्रश्नाची मर्यादाही ध्यानात असावी. नावे आयती दिलेली असल्यामुळे विद्यार्थ्याला ती आठवावी लागत नाहीत, फक्त ओळखावी लागतात. शुद्धलेखनाची आणि आकृती काढण्याच्या कौशल्याची पारखही येथे होत नाही. वहीतील आकृतीची जागा हा प्रश्न घेऊ शकणार नाही.

चित्राची निवड

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात किंवा परीक्षेतील प्रश्नाचा भाग म्हणून एखाद्या कृतीची प्रतिकृती करण्यास मुभा आहे. तथापि, तेच चित्र सर्वांसाठी खुले प्रसिद्ध करणे ही वेगळी बाब ठरते. शक्य तेथे शिक्षकांनी आकृती स्वतः काढून तिचे छायाचित्र घ्यावे. भारताचा नकाशा वापरताना तर विशेष काळजी हवी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी सुसंगत नसलेला भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा कायद्याने दंडनीय अपराध आहे. म्हणून महाजालावर सापडेल तो नकाशा न घेता या विभागाचाच नकाशा घ्यावा. नावे युनिकोड मराठीत टंकलिखित करावीत, म्हणजे ती कोणत्याही यंत्रावर वाचता येतील.

कोणीही वंचित राहू नये

लाल व हिरवा रंग वेगळा न दिसणारी मुले प्रत्येक शाळेत असू शकतात. त्यामुळे भाग केवळ रंगाने वेगळे न दाखविता रेषा, ठिपके किंवा छटा यांचाही आधार घ्यावा. माउस हाताळू न शकणाऱ्या विद्यार्थ्यास कळफलकाच्या साहाय्याने नावे चौकटीत आणता येतात. परंतु ज्याला चित्रच दिसत नाही, त्याला हा प्रश्न सोडविता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने परीक्षा पद्धतीत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी योग्य फेरबदल करण्याची जबाबदारी सोपविली आहे. अशा विद्यार्थ्यासाठी तितक्याच गुणांचा, शब्दांतून विचारलेला पर्यायी प्रश्न आधीच तयार असावा. 'फुफ्फुसांकडून आलेले शुद्ध रक्त हृदयाच्या कोणत्या कप्प्यात प्रथम येते?' हा प्रश्नही जागेचेच ज्ञान तपासतो.

ज्या शाळेत मूडलची सोय नाही तेथेही मार्ग आहे. चित्रातील भागांना क्रमांक द्यावेत आणि गूगल फॉर्मसारख्या साधनातील तक्त्याच्या प्रश्नात एका बाजूस क्रमांक व दुसऱ्या बाजूस नावे मांडावीत. ओढण्याची गंमत त्यात नाही, पण पारख तीच होते आणि लहान पडद्यावर ती अधिक सुलभ ठरते.

प्रश्न तयार झाल्यावर तो विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः एकदा संगणकावर व एकदा भ्रमणध्वनीवर सोडवून पाहावा. मुद्दाम चुकीची उत्तरेही देऊन पाहावीत. नंतर तो एखाद्या सहकाऱ्याकडून सोडवून घ्यावा. या कामास अर्धा तास लागेल. परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेशेजारी परीक्षक बसलेला नसतो. त्याचे तारतम्य या अर्ध्या तासातच प्रश्नात उतरावयाचे असते. ते उतरले, तर कोयनेची जागा ओळखणाऱ्या मुलाला, त्याच्या हाती कोणतेही यंत्र असो, त्याचा गुण खचित मिळेल.